गाण्याची बिदागी आणि न दिसणारे नाणे

'घरचा हिशेब' या सदराकडे येणारी पत्रे बहुधा पीककर्जाची, विम्याची, नाहीतर भावाभावांतल्या वाटणीची असतात. गेल्या पंधरवड्यात मालवण तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले, ते मात्र वेगळे होते. घरी दीड एकर भात, तीसेक काजूची झाडे, नवरा शेती सांभाळून हंगामात रापणीवर जाणारा. थोरला मुलगा बाविशीतला, हात पखवाजावर चांगला बसलेला. डबलबारीच्या भजनांना साथ करतो आणि जत्रांच्या दिवसांत एका दशावतारी मंडळाबरोबर हिंडतो. त्याला मोबाईलवर कोणीतरी गाठले आणि सांगितले, "तुझे वादन आम्ही जगाच्या बाजारात मांडतो. त्याचा एक दाखला बनवतो. परदेशातले शौकीन तो विकत घेतील आणि पैसे तुला क्रिप्टो नाण्यांत मिळतील. मध्ये दलाल नाही, कंपनी नाही. फक्त नोंदणीचे पंधरा हजार रुपये आधी भर." घरात काजूच्या बियांचे पैसे जपून ठेवलेले होते. बापाने ते द्यायला साफ नकार दिला. तेव्हापासून बापलेकांत बोलणे नाही. "पोराचां खरां की घोवाचां, तां तुमीच सांगा," असे बाईंनी शेवटी लिहिले आहे.

बाई, थोडे थोडे दोघांचेही खरे आहे. मुलगा म्हणतो ते नाणे जगात आहे आणि त्यावर काही गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी पैसे मिळवले, हेही खोटे नाही. पण आधी पंधरा हजार मागणारा गृहस्थ ही निराळी गोष्ट आहे. त्याच्याकडे शेवटी येतो. मुलाला हा मोह का पडला, ते आधी पाहू. मला तर त्यात त्याचा फारसा दोष दिसत नाही.

आपल्याकडे दशावतारी नटाबद्दल म्हणतात, रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा. रात्रभर इंद्र होऊन सिंहासनावर बसायचे आणि उजाडल्यावर पेटारा उचलून पुढच्या गावाची वाट धरायची. आता पेटारे टेम्पोतून जातात, एवढाच फरक. कार्तिकात भात घरात आले की जत्रा सुरू होतात, त्या पाऊस तोंडावर येईपर्यंत चालतात. मंडळाच्या मालकाने सुपारी घ्यायची, देवस्थानाने किंवा गावाने ठरलेली रक्कम द्यायची आणि त्यातून नट, हार्मोनियमवाला, पखवाजी, झांजवाला यांनी आपापले मानधन घ्यायचे. पावसाळ्यात लावणी, नाहीतर मुंबईची वाट. साथीदाराचे मानधन नेहमीच शेवटी ठरते, हे या धंद्यातले सगळेच जाणतात. पखवाज थांबला तर राक्षसाला रंगमंचावर पाऊल टाकता यायचे नाही. तरी फलकावर नाव पखवाज्याचे सगळ्यात बारीक अक्षरांत.

भजनाच्या बारीत निदान बक्षिसाची सोय आहे. बुवांचा गजर रंगला की श्रोता उठतो, नोट पुढे करतो आणि निवेदक त्याचे नाव, गाव, वाडीसकट पुकारतो. पण तेही बुवांच्या नावे. साथीदाराच्या वाट्याला किती येते ते बुवांच्या मनावर. काही बुवा या बाबतीत फार मोठ्या मनाचे आहेत, काही नाहीत.

टाळेबंदीने तर डोळे उघडले. मार्च २०२० मध्ये हंगाम अर्ध्यावर तुटला. पुढच्या वर्षीच्या जत्राही निर्बंधांत गेल्या. देवळात धूप जळत होता, पण मांडाजवळ माणूस नव्हता. त्या दिवसांत मंडळांनी आणि बुवांनी मोबाईलपुढे कला सादर करायला सुरुवात केली, आणि आपला श्रोता आचरे-मसुऱ्यापुरता नाही, तो लालबागेत आहे, मस्कतात आहे, हे पहिल्यांदा आकड्यांत दिसले. ऐकणारे पन्नास हजार आणि हातात काहीच नाही, हे ज्या पोराने पाहिले, त्याला "मध्ये दलाल नाही" हे शब्द गोड लागणारच.

आंबेवाल्यांना हे दुःख समजावून सांगावे लागत नाही. पेटी वाशीला गेली की पंधरा दिवसांनी पट्टी येते. तीत भाडे, हमाली, तोलाई वजा होऊन जे उरते त्यावर समाधान मानायचे. पट्टी खरी की खोटी ते देवगडात बसून कसे कळणार? गाण्याचेही शंभर वर्षे असेच चालले. तबकडीचा जमाना असो की कॅसेटचा, गावच्या बुवाला एकरकमी काही रक्कम मिळे, कागदावर सही होई, आणि मग कॅसेट दहा गावांत वाजो की दहा हजार गावांत, बुवांचा संबंध संपला. बाग फळावर एकदाच देऊन टाकल्यासारखे. मोठ्यांनाही हे चुकले नाही. आपल्या शेजारच्या मंगेशीशी जिच्या घराण्याचे नाते, त्या लता मंगेशकरांनी १९६० च्या दशकात गायकाला गाण्याच्या विक्रीत वाटा मिळाला पाहिजे असा आग्रह धरला. महंमद रफींचे मत पडले की एकदा पैसे घेतले, काम संपले. यावरून दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे थांबवले. एक खंडाचा पक्ष आणि एक अर्धेलीचा पक्ष म्हणा ना!

कायदा बदलायला मात्र २०१२ साल उजाडले. गीतकार जावेद अख्तर राज्यसभेत होते, त्यांनी ती बाजू जोराने मांडली. त्या वर्षीच्या दुरुस्तीने गाणे लिहिणाऱ्याला आणि चाल बांधणाऱ्याला मानधनातला वाटा कायम राहिला, आणि वारस किंवा अधिकृत संस्था यांखेरीज कोणाला तो लिहून देता येणार नाही असे ठरले. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा स्वतःचा हक्क कायद्यात त्याआधीच, १९९४ च्या दुरुस्तीने आला होता. तो पन्नास वर्षे टिकतो. पखवाज्यालाही तो आहे. पण हक्क असणे आणि वसूल होणे यांत मालवण ते मुंबईइतके अंतर आहे, आणि ह्या अंतरातच ते न दिसणारे नाणे उभे राहिले.

ते नाणे म्हणजे काय, हे एका म्हाताऱ्या भजनी बुवांना सांगण्याचा प्रयत्न मी केला होता.

"ह्यां नाणां हातात येता?" त्यांनी विचारले.

"नाही."

"मगे बाजारात सुंगटां घेवक चलात?"

"तेही नाही."

"मगे तां नाणां कसला?"

बुवांचा प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर असे की ते नाणे नाही, ती खतावणीतली एक नोंद आहे. आपल्या गावऱ्हाटीत देवाचा हिशेब मानकऱ्यांसमोर वाचला जातो. समजा, हिशेबाची वही एकाच्या पेटीत न ठेवता गावातल्या प्रत्येक घरी तिची एकेक नक्कल ठेवली, आणि कोणी पैसे दिले-घेतले की सगळ्यांच्या वहीत ती नोंद एकाच वेळी व्हायची असे ठरवले. शिवाय प्रत्येक पानाच्या माथ्यावर 'मागील पानावरून पुढे' म्हणून मागच्या पानाची खूण यायची. आता एकाने रात्री उठून आपल्या वहीत खाडाखोड केली, तर पुढची सगळी पाने जुळत नाहीत, आणि इतर घरांतल्या वह्या त्याला खोटा पाडतात. हीच युक्ती संगणकांच्या जाळ्यावर केली आहे. २००८ साली सातोशी नाकामोतो असे नाव लावणाऱ्या कोणीतरी ती लिहून काढली. तो माणूस कोण, एक की अनेक, ते आजवर नक्की झालेले नाही. जानेवारी २००९ मध्ये 'बिटकॉइन' चालू झाले. एकूण दोन कोटी दहा लाखांपलीकडे ही नाणी निघायची नाहीत, असा त्याच्या बांधणीतच नियम आहे. पुढे अशी हजारो नाणी निघाली. काही बऱ्यापैकी, पुष्कळशी निव्वळ धूळफेक.

या वहीत तुमच्या नावाऐवजी एक लांबलचक आकडा असतो, आणि त्याची किल्ली म्हणजे बहुधा बारा किंवा चोवीस शब्दांची एक यादी. ती किल्ली ज्याच्याकडे, नाणी त्याची. यादी हरवली तर बँकेच्या मॅनेजराकडे जाऊन रडायची सोय नाही, कारण मॅनेजरच नाही. दुसऱ्या कोणाला ती सांगितली तर घर उघडे टाकून जत्रेला गेल्यासारखे.

आता यावर गाणारे कसे कमावतात? रीती तीन दिसतात. पहिली साधी आहे. ऐकणाऱ्याने बक्षीस रुपयांऐवजी नाण्यांत पाठवायचे. दुसरी रीत, गाणे विकायचे आणि आलेली रक्कम आपोआप वाटली जाईल असा करार त्या वहीतच लिहून ठेवायचा. गाणाऱ्याला इतका भाग, हार्मोनियमला इतका, पखवाजाला इतका. पैसे आले की त्याच क्षणी प्रत्येकाच्या खात्यावर, मालकाच्या हातातून न जाता. पत्रातल्या मुलाला हीच गोष्ट सर्वांत भावली असणार, आणि मला विचाराल तर या सगळ्या खटाटोपात खरी सुंदर कल्पना हीच आहे.

ती करूनही पाहिली गेली. इमोजेन हीप नावाची इंग्लंडची एक नामांकित गायिका आहे. तिने २०१५ साली आपले एक गाणे अशा तऱ्हेने विक्रीला ठेवले. साथीदारांचे वाटे करारात बसवलेले होते. जगभर वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला. त्या गाण्यावर या मार्गाने मिळाले किती, तर सव्वाशे डॉलरांच्या थोडे वर. म्हणजे आपल्याकडच्या एका चांगल्या बारीच्या बिदागीएवढेही नाही. यंत्र बिनचूक चालले होते. वाटेही बरोबर पडले असते. पण ऐकणाऱ्याला गाणे घ्यायला आधी ते नाणे घ्यावे लागे, आणि एवढी यातायात कोण करतो?

तिसरी रीत त्या दाखल्याची. त्याला एनएफटी म्हणतात. गाण्याची किंवा चित्राची एक नोंद त्या वहीत करून तो दाखला विकायचा. २०२१ च्या फेब्रुवारीत जस्टिन ब्लाऊ या अमेरिकन संगीतकाराने असे दाखले लिलावात काढले आणि एक कोटीहून अधिक डॉलर मिळवले. पुढच्याच महिन्यात 'किंग्ज ऑफ लिऑन' या वाद्यवृंदाने नवा संग्रह तसाच विकला. मोबाईलवरचे गृहस्थ तरुणांना हीच उदाहरणे दाखवतात. ती खरी आहेत, पण दोन गोष्टी सांगायच्या राहून जातात. ब्लाऊचे चाहते आधीच लाखोंनी होते आणि त्यांच्यात अशी नाणी बाळगणारे धनिक पुष्कळ होते. आणि ते वर्ष तेजीचे होते. बिटकॉइन नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९,००० डॉलरांच्या आसपास गेले, आणि वर्षभरात १६,००० वर उतरले. दाखल्यांचा बाजार तर त्याहून वाईट बसला. ज्यांनी मोठ्या किमतीला घेतले त्यांतल्या बहुतेकांना आज गिऱ्हाईक नाही.

शिवाय तो दाखला म्हणजे गाण्याची मालकी नव्हे. घेणाऱ्याला गाण्याचा हक्क मिळतो का, हे वेगळ्या करारावर असते आणि बहुधा नसतेच. सातबाऱ्याची छापील नक्कल हातात असली म्हणून शिवार आपले होत नाही, हे शेतकऱ्याला तरी सांगायला नको.

आता आपल्या देशाचा कायदा. क्रिप्टो बाळगणे हा गुन्हा नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितले होते. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द केले. पण हे चलन नाही. दुकानदाराने ते घेतलेच पाहिजे असे नाही आणि बुडाले तर सरकारी हमी नाही. रिझर्व्ह बँकेचा स्वतःचा डिजिटल रुपया डिसेंबर २०२२ पासून लोकांसाठी प्रायोगिक रीतीने सुरू झाला. तो खरा रुपयाच आहे. या दोहोंत गल्लत करून फसवणारेही आहेत, म्हणून सांगून ठेवतो.

कर मात्र जबर आहे. १ एप्रिल २०२२ पासून अशा नाण्यांच्या विक्रीतल्या नफ्यावर शेकडा ३० कर, त्यावर ४ टक्के उपकर. विक्रीच्या वेळी ठरावीक रकमेपुढे शेकडा १ आधीच कापून घेतात. वजावट फक्त खरेदीच्या किमतीची. आणि सर्वांत बोचणारी गोष्ट अशी की एका नाण्यातले नुकसान दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा होत नाही. समजा मुलाला एका नाण्यात दहा हजारांचा फायदा झाला आणि दुसऱ्यात आठ हजारांची खोट आली. घरात आले दोन हजार. कर बसतो पुऱ्या दहा हजारांवर, म्हणजे ३,१२० रुपये. दोन हजार मिळवायला तीन हजार भरायचे! काजूला पाऊस लागला तर निदान सरकार मागे लागत नाही. शिवाय वादनाचा मोबदला म्हणून नाणे मिळाले, तर त्या दिवसाच्या किमतीने ते उत्पन्नात धरावे लागते ते वेगळेच.

ठेवायचे कुठे, हाही प्रश्न आहे. बहुतेक लोक किल्ली स्वतःकडे न ठेवता एखाद्या पेढीत खाते उघडतात. मुंबईतून चालणाऱ्या वझीरएक्स या पेढीवर जुलै २०२४ मध्ये चोरांनी हात मारला आणि सुमारे २३ कोटी डॉलरांची, म्हणजे जवळजवळ दोन हजार कोटी रुपयांची नाणी पळवली. तिथला नाण्यांचा व्यवहार त्यानंतर वर्षाहून अधिक काळ बंद होता. त्यात किती पोरांची पहिली कमाई अडकली असेल!

म्हणजे "दलाल नाही" हे शब्दही पुरते खरे नाहीत. पेढी दलाल, दाखल्याचा बाजार दलाल, वहीत नोंद करणारेही आपली फी घेतात. जुन्या दलालाचे निदान दुकान वाशीला असते. भांडायला कुठे जायचे ते माहीत असते.

मग पखवाजीने कमवायचे कसे? मुलाचा मूळ प्रश्न राहतोच. ऐकणाऱ्याचा पैसा सरळ वाजवणाऱ्याच्या हातात यावा, ही त्याची इच्छा चुकीची नाही. त्याला लागणारे साधन त्याच्या खिशातच आहे. २०१६ साली सुरू झालेले यूपीआय. स्वतःच्या खात्याचा क्यूआर छापून पखवाजाच्या पेटीवर लावावा. पाठवणाऱ्याला खर्च नाही, पैसे त्याच क्षणी, नाण्याचा भाव चढ-उतार नाही, ३० टक्क्यांचा जाच नाही. आखातातल्या आणि अमेरिका-इंग्लंडातल्या चाकरमान्यांसाठीही २०२३ पासून वाट उघडली आहे. अबू धाबी, मस्कत, दोहा, रियाध इथल्या मोबाईल क्रमांकावरून, इथल्या अनिवासी खात्याद्वारे ते यूपीआयने पाठवू शकतात. परदेशचे बक्षीस आणण्यासाठी क्रिप्टो हवे, हे कारणही त्याने बरेचसे गळून पडले.

यात एक अडचण मात्र मी स्वतः पाहिली आहे. एका बारीला क्यूआर लावला होता. पैसे आले, पण थोडे. कारण बक्षीस देणाऱ्याला फक्त देऊन भागत नाही. आपले नाव, बापाचे नाव, वाडी लाऊडस्पीकरवर पुकारली जावी, शेजाऱ्याने ऐकावी, हा त्यातला अर्धा आनंद असतो. मोबाईलची टिणटिण कोणाला ऐकू जाते? दुसऱ्या बारीला मंडळाने एक चुणचुणीत मुलगी निवेदकाशेजारी बसवली. ती मोबाईल बघून चिठ्ठी लिही आणि निवेदक नाव पुकारी. रक्कम लगेच वाढली. नेटवर्क जत्रेच्या गर्दीत दगा देते, म्हणून नोटांची थाळी काढून ठेवू नये.

मंडळातल्या वाटणीसाठी तो यंत्रातला करार नको, साधा कागद पुरतो. हंगामाच्या आधी, त्रिपुरी पौर्णिमेपूर्वी, एका कागदावर लिहावे: सुपारीतून कोणाला किती, बक्षिसातून कोणाला किती, आणि ध्वनिमुद्रण झाले तर त्याच्या उत्पन्नातून कोणाला किती. शेवटची ओळ कोणीच लिहीत नाही, आणि भांडणे नेमकी तिच्यावरूनच होतात. मालकांनीही हे मनाला लावून घेऊ नये. कागद दोघांचीही अब्रू राखतो.

यूट्यूबचा मार्ग हळू आहे, पण खरा आहे. हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तास पाहणे झाले की जाहिरातीतला वाटा मिळू शकतो. मोठ्या चित्रफितीवर तो शेकडा ५५ आहे. हिशेब दहा डॉलरवर गेला की पत्ता तपासायला एक आकडा टपालाने येतो. तो पोस्टमनच्या हातून हरवू देऊ नका. घरावर नाव-क्रमांक नसलेल्या वाडीत ही पत्रे परत गेल्याचे मला ठाऊक आहे. शंभर डॉलर जमले की पैसे खात्यावर. इथेही एक खोच आहे. आपल्या बाऱ्यांत गजर सिनेमाच्या चालीवर बांधण्याची हौस फार. माणूस हसतो, बारी रंगते, पण यंत्र ती चाल ओळखते आणि जाहिरातीचे पैसे चालीच्या मालकाकडे वळवते. तुकोबांचा अभंग कोणाच्या मालकीचा नाही. त्याला आपली स्वतःची चाल बांधली तर तीही आपली. बुवांनी स्वतः रचलेल्या गजर-गौळणी असतील तर त्यांनी आयपीआरएस या संस्थेचे सदस्यत्व घ्यावे. गीतकार-संगीतकारांची ही संस्था १९६९ पासूनची आहे. गाणी ऐकवणाऱ्या इतर मोबाईल दुकानांचे फार कौतुक सांगवत नाही. एका वेळच्या ऐकण्याला मिळतात पैसे, रुपये नव्हेत. त्यांतल्या स्पॉटिफायने तर २०२४ पासून वर्षात हजार वेळांपेक्षा कमी ऐकल्या गेलेल्या गाण्याला काहीच न देण्याचे ठरवले.

कुडाळजवळच्या पिंगुळीचे उदाहरण मुलाने एकदा जाऊन पाहावे. ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या, जिला सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता, ती आश्रय सरल्यावर विझायला आली होती. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्याचे संग्रहालय केले, येणाऱ्या पाहुण्याला खेळ दाखवला, चित्रे विकली, मुलांना शिकवले. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जस्टिन ब्लाऊचा लिलाव आणि हा गोठा एकाच वर्षी बातमीत होते. गोठ्यात आजही माणसे येतात.

घरात कोणी पन्नाशी ओलांडलेले कलावंत असतील तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची मानधन योजना आहे. २०२४ पासून महिना पाच हजार रुपये ठरले आहेत. पंचायत समितीत चौकशी करावी. कार्यक्रमांची जुनी पत्रके, कात्रणे, देवस्थानांची पत्रे जपून ठेवा, पुराव्याला तीच लागतात. वाळवीने खाल्लेल्या कात्रणांवर मानधन मिळत नाही.

आता ते पंधरा हजार. वहीत नोंद करायला फी पडते, ही गोष्ट खरी आहे, आणि २०२१ च्या तेजीत ती काही वेळा हजारांच्या घरात गेली होती. म्हणूनच मुलाला ते पटले. पण फी त्या वहीला जाते, ती आपल्या किल्लीने आपण भरायची असते. कोणा गृहस्थाच्या खात्यावर आगाऊ भरायची नसते. शिवाय गिऱ्हाईक नसताना दाखला बनवण्यात हशील नाही. जो खरोखर विकून देणार आहे तो विक्रीतून आपला वाटा कापून घेईल. आंब्याचा दलालसुद्धा पेटी विकल्यावरच आडत कापतो, उलट बागवाल्याला आगाऊ रक्कम देतो. तेव्हा जो माल विकण्यापूर्वीच शेतकऱ्याकडे पैसे मागतो, त्याला काय म्हणायचे ते बापाने बरोबर ओळखले. 'गेनबिटकॉइन' नावाच्या योजनेत महिन्याला शेकडा १० प्रमाणे अठरा महिने परतावा देण्याचे आश्वासन होते. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये त्यात अटका केल्या, आणि गुंतवणूकदार अजून पैशांची वाट पाहत आहेत. त्यांत शिकलेसवरलेले पुष्कळ होते, तेव्हा पोराला अडाणी म्हणू नका.

पैसे अजून दिलेले नसतील तर देऊ नका. दिले असतील तर आजच, उद्यावर न टाकता, १९३० या क्रमांकावर फोन करा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम मध्येच अडवण्याची आशा जास्त. लाजेने चार दिवस गप्प बसणारेच फार बुडतात. त्या गृहस्थाचे संदेश पुसून टाकू नका.

आणि यजमानांना माझे एक सांगणे आहे. तुम्ही नाही म्हणालात ते बरोबर, पण नाही म्हणून उठून गेलात हे बरोबर नव्हे. पोराने पंधरा हजार उडवायला मागितले नव्हते, आपल्या वादनाला किंमत यावी म्हणून मागितले होते. काजूच्या त्याच पैशांतून थोडे बाजूला काढा. पखवाजाची पुडी पावसाने सैल पडली असेल, शाई उडाली असेल. दोघे मिळून वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडे जा. एक बरा मायक्रोफोन आणि मोबाईल ठेवायला तिकाटणे, एवढ्यात त्याचे काम सुरू होईल. पहिली चित्रफीत घरच्या पडवीत काढा. बाईंनी कणीक ताजी मळून द्यावी, डाव्या तोंडाला शिळी लावली तर घुमारा येत नाही. पुडी चढवायला माणूस दिवाळीनंतर सापडत नाही, सगळी मंडळे एकदम येतात. तेव्हा नवरात्रातच जाऊन या.